मुखवट्यामागचा नट
नटाची जागा यंत्र घेईल का, असं आपण आज विचारतो. इतिहास काय सांगतो बघा. 2001 च्या 'फायनल फँटसी' चित्रपटाची नायिका संपूर्ण संगणकावर घडवलेली. आवाज मात्र मिंग-ना वेन या अभिनेत्रीचा. 1994 मध्ये वारलेले पीटर कुशिंग 2016 च्या 'रोग वन'मध्ये पुन्हा दिसले; चेहरा त्यांचा, अभिनय गाय हेन्री या नटाचा. म्हणजे मुखवट्यामागे माणूस होताच, तो फक्त दिसेनासा झाला. आणि जो दिसत नाही, त्याचा हक्क बुडवणं सोपं असतं. 2023 मध्ये अमेरिकेतले नट 118 दिवस संपावर होते, त्यात ही एक मागणी होतीच: आमची डिजिटल प्रतिकृती वापरायची तर आधी संमती घ्या, मोबदला द्या. तेव्हा आपण प्रश्न असा मांडू या: चेहऱ्यावर मालकी कुणाची? आणि माणूस गेल्यावर ती संमती द्यायची कुणी?