खाट घरी आली, उस्तवार कुणी केली?

आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. दूध, हवा आणि उशाशी बसलेली माणसे हाच काय तो इलाज. पुढे थंड हवेच्या ठिकाणी आरोग्यधामे, म्हणजे सॅनेटोरियम, उभी राहिली, १९१२ साली भोवालीला निघालेले त्यांपैकीच एक. पण रोगी लाखांनी आणि खाटा थोड्या हजार. म्हणून क्षयावर औषधे आल्यावर १९५६ मध्ये मद्रासला ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली १९३ रोग्यांचे दोन गट पाडले गेले: एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा शहरातल्या दाटीवाटीच्या घरांत. औषधे दोन्हींकडे तीच, आयसोनायझिड आणि पॅस. सॅनेटोरियममधल्यांना विश्रांती, मोकळी हवा आणि कितीतरी चांगले जेवण मिळाले. त्यांचे वजनही जास्त वाढले. पण वर्षअखेर बरे होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक निघाला नाही. घरच्या माणसांवर पुढे पाच वर्षे नजर ठेवली, तर रोगी घरी राहिल्यामुळे त्यांना अधिक लागण झाल्याचेही दिसले नाही.

या प्रयोगाचा निष्कर्ष ‘खाट लागत नाही’ असा वाचला गेला. मला तो अर्धवट वाटतो. खाट नाहीशी झाली नाही, तिचे काम घरातल्या कुणाच्या तरी अंगावर आले. यावर कोणी म्हणेल, जंतू औषधाने मेले, मायेने नव्हे. खरे आहे, सॅनेटोरियमची मिजास उतरवली ती औषधानेच. पण पॅसच्या मोठ्या मात्रेने मळमळे, पोट बिघडे, आणि दोन-चार आठवड्यांत खोकला थांबला की रोग्याला आपण बरे झालो असे वाटू लागे. प्रयोग चालवणाऱ्या केंद्राची माणसे अचानक घरी येऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. एरवी रोज ‘घेतलीस का?’ विचारणारे घरचेच. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: घर म्हणजे काही मायेचे आगर नव्हे. क्षय निघालेल्या सुनेला माहेरी धाडण्याची रीत आपल्याकडे होतीच. पण यातून घर कुचकामी ठरत नाही. उस्तवार बहुतेक बाईच करते आणि ती आजारी पडली की तिची करायला कुणी नसते, एवढेच त्यातून दिसते.

१९६२ च्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाने घरीच उपचार हे धोरण केले आणि घराला गृहीत धरले. २०१८ पासून रोग्याच्या खात्यात आहारासाठी महिन्याला ५०० रुपये येऊ लागले, २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांचे १,००० झाले. उस्तवार करणाऱ्यांच्या ताटाकडे बघायला मात्र फार उशीर झाला: २०२३ मध्ये निकाल जाहीर झालेल्या झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीत घरच्यांना माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तेव्हा त्यांच्यातला नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी घटला.