गावकरांचा गाव, राजाचा कागद

चार माणसे गोव्यातल्या तिसवाडीच्या ओसाड बेटावर आली. त्यांनी जमीन कसली, वस्ती वाढवली आणि कारभार असा चोख ठेवला की लोक त्यांना गावकर म्हणू लागले. ही कथा कुठल्या पुराणातली नाही, सरकारी दस्तऐवजातली आहे. पोर्तुगीजांचा महसूल अधिकारी आफोन्सु मेशिया याने 16 सप्टेंबर 1526 रोजी 'फोराल', म्हणजे सनद, जारी केले, त्याच्या सुरुवातीलाच ती नोंदलेली आहे. गोवा हाती येऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती.

मेशियाला गावकरांचा पुळका आला होता असे मुळीच नाही. त्याला सारा हवा होता. गाव कोणाचा, सारा कोण भरतो, थकला तर कोणाला धरायचे, हे कळल्याशिवाय वसुली कशी व्हायची? म्हणून जुन्या चालीरीती विचारून लिहून काढल्या गेल्या. त्यामुळे जाणत्यांच्या आठवणीत असलेली मालकी कागदावर आली. मात्र पोर्तुगालच्या ज्या राजाच्या नावे तो कागद निघाला, त्याचा हातही तेव्हापासून गावकरीच्या, म्हणजे गावकरांच्या सामाईक संस्थेच्या, कारभारात शिरला, तो पुढे कधी निघाला नाही.

फोरालातली जमीनविक्रीची तरतूद वाचण्यासारखी आहे. गावातली जमीन विकायची तर सगळ्या गावकरांची परवानगी लागे. घेणाऱ्यालाही तीच अट. परवानगीवाचून झालेला व्यवहार गावकर केव्हाही मोडू शकत. बाहेरच्या सावकाराला गावात शिरकाव मिळू नये याची ही व्यवस्था होती. भाताची पहिली कापणी कोणी करायची, हेही फोरालात आहे: तो मान ताळगावचा. ताळगावात त्या पहिल्या कापणीचा, कणसांचा सण ऑगस्टमध्ये आजही होतो.

जमीन सामाईक राखण्याचा हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते खाजनात गेल्यावर कळते. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेली शेतजमीन, खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताची. बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचे दार. भरतीच्या रेट्याने लाकडी झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातले पाणी बाहेर जाते. दाराशी जाळे लावून मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होई. शेतेही पावणीनेच कसायला दिली जात. आलेल्या पैशातून सारा, बांधांची डागडुजी, देवळाचा खर्च आणि गावाच्या सेवेकऱ्यांचे देणे भागे. उरलेले गावकरांत वाटले जाई. तो वाटा म्हणजे झोण. एका माणसाने बांध राखणे शक्यच नव्हते, एका ठिकाणी फुटला की सगळ्यांच्या शेतात खारे पाणी. अशा जमिनीला सामाईक मालकीच परवडते.

पण गावकरीला आदर्श ग्रामराज्य समजण्याचा मोह आवरलेला बरा. झोण पुरुष वंशजांचे. बायका, शेतमजूर, मागून येऊन वसलेले लोक यांना गावाच्या निर्णयात जागा नव्हती.

आणि कागद कितपत राखतो, तेही लवकरच दिसले. 1541 मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आले. सासष्टीत 1583 च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या गावकरांनी पाच जेझुइट मिशनऱ्यांना ठार मारले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले, आणि गावाची जमीन जप्त करून मर्जीतल्या माणसाला बहाल करण्यात आली.

पुढे गावकरीला 'कोमुनिदाद' हे पोर्तुगीज नाव रूढ झाले. 1904 मध्ये तिची संहिता निघाली. नवी संहिता आली 15 एप्रिल 1961 रोजी. आठ महिन्यांनी, 19 डिसेंबरला, पोर्तुगीज गोव्यातून गेले. संहिता मात्र राहिली. 1962 च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, त्यात तीही आली. कोमुनिदादीवर राज्याची प्रशासकीय पालकत्व असते हे तत्त्वही तिच्याबरोबरच आले.

खरा धक्का बसला तो 1964 च्या कूळ कायद्याने. 1976 च्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले, कोमुनिदादीच्या शेतांतही. कुळांना न्याय मिळाला यात शंका नाही. बांधांची जबाबदारी कूळसंघांकडे गेली, पण पावणीचे उत्पन्न मिळून सामाईक खर्चाला हात देणारी जुनी घडी विस्कटली, आणि कित्येक खाजने पडीक झाली.

आता भांडण शेताचे कमी, घराचे जास्त. पर्वरीसारख्या शहरालगतच्या भागात कोमुनिदादीच्या जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि अतिक्रमणेही अमाप. 2025 मध्ये विधानसभेने संहितेत दुरुस्ती करून 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीची अनधिकृत घरे नियमित करण्याची वाट मोकळी केली. अनेक कोमुनिदादींनी विरोध केला. मालक आम्ही असताना आमच्या जमिनीचा निवाडा दुसऱ्यांनी का करावा, हा त्यांचा सवाल आहे. त्या घरांत राहणाऱ्यांचाही सवाल आहेच: इतकी वर्षे इथे काढल्यावर आम्ही जायचे कुठे?