उघडे मडके आणि मिटलेले पिंप

वसंतातल्या ह्या व्याख्यानांत वसईचा किल्ला, पेशवाई, संतवाङ्मय असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. मी आज एका भांड्याविषयी बोलणार आहे, आणि तेही मादक पेयाच्या भांड्याविषयी. कोणाच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यांना एवढेच सांगतो की, मी पिण्याची वकिली करायला उभा नाही. ज्याने कामगारांत उभे आयुष्य काढले, त्याने पगाराच्या रात्री चाळींतून जे पाहिलेले असते त्यानंतर ती वकिली करण्याची ताकदच उरत नाही. परंतु भांड्यांनाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासात राजांचा नसला तरी कष्टकऱ्यांचा बराच हिशेब लिहिलेला सापडतो.

हा विषय मला एका तरुणाने दिला. आमच्या ओळखीतला हा मुलगा बोटीवर नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने एक चकचकीत पोलादी पिंप आणले. उंची हातभरही नाही, पोटात ५ लिटर मावेल एवढे. वर एक तोटी आणि बोटाएवढी वायूची नळकांडी बसवायची खोबण. परदेशांत लोक घरी बिअर करतात आणि असल्या पिंपात भरून मित्राच्या घरी, सहलीला, समुद्रकाठी नेतात, असे तो सांगत होता. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून भांडे त्याने रिकामेच आणले होते. सहज गमतीने तो आजोबांना म्हणाला, "बाबा, ह्यात आपली माडी भरली तर?" आजोबा उमेदीत माडावर चढत असत. त्यांनी ते पिंप हातात घेऊन फिरवून पाहिले, आणि म्हणाले, "फुटंल रे पोरा. माडी कोंडून राहत नाय."

त्या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वाक्याचा विस्तार आहे.

प्रथम ते पोलादी पिंप चालते कसे ते पाहू. बिअर पिंपात भरली जाते तेव्हा ती आंबून झालेली असते. तिच्यातली आंबण्याजोगी साखर किण्वाने खाऊन संपवलेली असते. मग नळकांडीतला कार्बन डायऑक्साइड वायू वरून सोडतात. तो दोन कामे करतो. पेयात विरघळलेला वायू तो निसटू देत नाही, आणि तोटी उघडली की पेय बाहेर ढकलतो. हवा आत शिरत नाही म्हणून चव बिघडत नाही. १६ ग्रॅमच्या नळकांडीतला वायू मोकळा सोडला तर सुमारे ८ लिटर जागा व्यापील. ५ लिटरचे पिंप रिते करायला तेवढा पुरतो. आपल्यापैकी वयस्क मंडळींना ह्यात नवल वाटू नये. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली ज्या बाटलीचे पेटंट घेतले, तीच आपली गोटीसोड्याची बाटली. आतला वायूच गोटीला वर दाबून तोंड मिटवतो, ते तत्त्व लहानपणी आपण सर्वांनी बोटाने दाबून पाहिलेले आहे.

सोडा आणि बिअर ह्यांचे नाते तर याहून जुने आहे. १७६७ साली लीड्स गावी जोसेफ प्रीस्टले हा पाद्री एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या हौदांवर जो वायू साचतो तो पाण्यात मिसळण्याची युक्ती त्याला तेथे सापडली, आणि १७७२ साली त्याने ती छापून प्रसिद्ध केली. म्हणजे सोडा जन्मला तो बिअरच्या हौदावर. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत थंड पेयांच्या धंद्यासाठी १९ लिटरची पोलादी पिंपे निघाली. त्या धंद्याने ती टाकून सरबताचा अर्क पिशव्यांत भरायला सुरुवात केली तेव्हा जुनी पिंपे स्वस्तात विकली गेली, आणि घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांनी ती उचलली. सोड्याने बिअरचे ऋण असे दोनशे वर्षांनी फेडले. त्या मुलाच्या हातातले चिमुकले पिंप हे त्याच घराण्यातले धाकटे अपत्य आहे.

आता आपल्या मडक्याकडे वळू. माडाची पोय उमलण्यापूर्वी तिला घट्ट बांधतात, काही दिवस हलक्या हाताने ठोकतात, मग टोकाची पातळ चकती कापतात आणि खाली मडके बांधतात. रस थेंबथेंब गळू लागतो. दिवसातून दोन-तीनदा झाडावर चढून काप ताजा करावा लागतो, नाहीतर रस बंद होतो. ताडाचे तंत्र थोडे निराळे, शिंदीचे आणखी निराळे. मडक्याला आतून चुना फासला तर रस गोड राहतो, त्याला आपण नीरा म्हणतो. चुना नसला तर मडक्यातच, झाडावरच, रस आंबू लागतो. वाऱ्यातले आणि मडक्याच्या अंगातले सूक्ष्म जीव वाट पाहत बसलेलेच असतात. सकाळी गोड, दुपारी मादक, आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेला लागलेली, असा तिचा जन्म. तिचे आंबणे मध्येच थांबत नाही आणि वायू निघतच राहतो. म्हणून मडक्याचे तोंड उघडे हवे. फार तर वर पान नाहीतर काथ्याचा बोळा. आजोबांचे म्हणणे खरे होते. माडी कोंडून राहत नाही.

ह्या साध्या गोष्टीचा परिणाम मोठा आहे. जे पेय कोंडता येत नाही ते दूर नेता येत नाही, साठवता येत नाही. झाड, चढणारा आणि पिणारा हे तिघे एकाच गावात असावे लागतात. इकडच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाचे फुगे माडीवर फुगत आणि गोव्यात पोदेर पावाचे पीठ माडीने आंबवीत, कारण माडी हाकेच्या अंतरावर असे.

१५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या वैद्यांपैकी गार्सिया द ओर्ता ह्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होते. त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात माडाचे सविस्तर वर्णन दिले आहे. फळासाठी राखलेले माड निराळे आणि सुरेसाठी राखलेले निराळे, हे त्याने टिपले. सुरेपासून अर्क गाळतात, उन्हात ठेवून शिरका करतात, आटवून गूळ करतात, हेही त्याने लिहिले. भाषेतही ह्या काळाच्या खुणा उरल्या आहेत. ताडाला पोर्तुगीज 'पाल्मेइरा ब्रावा', म्हणजे रानटी माड म्हणत. त्या 'ब्रावा'चे इंग्रजांनी 'ब्रॅब' केले, आणि तो शब्द मुंबईच्या कायद्यांत जाऊन बसला. इंग्रजांचा 'टॉडी' हा आपल्या ताडीवरून आला. आणि 'पिंप' हा आपला शब्द पोर्तुगीज 'पीपा'वरून आला. ताडी आपण दिली, पिंप आपण घेतले. देवाणघेवाण बरोबरीची झाली.

परंतु पिंपाबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे मोजणी. इंग्रज काळात बिअर विलायतेहून मुंबईला लाकडी पिंपांतून येई. मोठे पिंप ५४ गॅलनांचे, म्हणजे सुमारे २४५ लिटरचे. बंदरावर पिंपे मोजली की जकात ठरली. सरकारला असे भांडे फार आवडते. ते मोठे असते, मिटलेले असते, एका दारातून आत येते आणि त्याचा मालक एक असतो. उलट गावोगावच्या हजारो मडक्यांचा हिशेब कोणता कारकून ठेवणार? मडके मोजता येईना म्हणून सरकार झाडापाशी गेले. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याखाली झाडाला पाते लावायचे तर परवाना हवा आणि झाडामागे कर हवा, अशी व्यवस्था बसली. गाळपाचेही तेच झाले. घरोघरच्या लहान भट्ट्या बंद करून मोठ्या केंद्रीय भट्ट्या उभारल्या आणि विक्रीचे मक्ते दिले. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. जंगलात पडणारे फूल वेचून घरात ठेवणे, ज्यावर वारली-कातकऱ्यांची पोटे दुष्काळात भरत, तेही सरकारी निर्बंधात आले.

ह्या कायद्यांनी पिणे कमी झाले असते तर मी आज त्यांचे आभार मानले असते. त्यांनी मुख्यतः भांडे बदलले. जे मडके भंडाऱ्याचे आणि आदिवासीचे होते ते मक्तेदाराचे झाले, आणि स्वतःच्या झाडावर चढणारा माणूस दुसऱ्याच्या परवान्यावर चढणारा मजूर झाला. पुढे १९३०च्या चळवळीत सुरत जिल्ह्यात शिंदीची झाडे हजारोंनी तोडली गेली. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५०पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. ती पुढे सैल झाली, तरी तो कायदा नावातल्या 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' येऊन अद्याप चालू आहे. हेतू उदात्त होता, हे मी मनापासून मानतो. दुःख एवढेच की कर बसवणाऱ्यांनी जसे चढणाऱ्याला विचारले नव्हते, तसे बंदी घालणाऱ्यांनीही फारसे विचारले नाही.

इतर देशांनी लहान भांड्याचे काय केले? इंग्लंडात १८८०पासून घरी बिअर करायला परवाना लागे. १९६३ साली ती अट काढून टाकली. अमेरिकेत १९७८ साली कार्टर ह्यांनी सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर विक्रीसाठी नव्हे तर घरासाठी करण्याची मोकळीक मिळाली. त्यातूनच ही लहान पिंपे भरभराटीला आली. पण त्याच इंग्लंडची दुसरी बाजूही मी सांगितली पाहिजे. तेथे मजुरांचा पगार दारूच्या गुत्त्यात वाटण्याची चाल होती. पगार हातात पडायच्या आत निम्मा गल्ल्यात जाई. ही चाल मोडायला १८८३ साली पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. तेव्हा मोकळीक आणि निर्बंध ह्यांपैकी एकच खरे, असे मी म्हणत नाही. निर्बंध कोणावर, एवढेच विचारतो. १८८३च्या कायद्याने मालकाचा हात धरला. आमच्या १८७८ आणि १८९२च्या कायद्यांनी वेचणाऱ्याचा आणि चढणाऱ्याचा हात धरला.

आणि मोठे भांडे सुरक्षित असते असेही नाही. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. ती पोटाला कष्ट करणारी माणसे होती. ती दारू कोणी केली, कोठून आली, हे पिणाऱ्याला ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. ताडीतही क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे गुन्हे महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा उघडकीस आले आहेत. ह्याचे कारण साधे अंकगणित आहे. झाडे कमी आणि गिऱ्हाईक जास्त झाले की उरलेली ताडी झाडाऐवजी गोणीतल्या पुडीतून निघते. जेथे पिणारा चढणाऱ्याला नावाने ओळखतो, तेथे ही लबाडी चालणे कठीण.

आपल्या वसई-विरारकडे पाहा. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत इमारती उठल्या. आगाशी, अर्नाळा, निर्मळ, भुईगाव ह्या पट्ट्यात वाड्या अजून आहेत, पण वाडीतला माड आता नारळासाठी तरी उरेल का हा प्रश्न आहे. चढणारे हात म्हातारे झाले. पडून कंबर मोडलेल्या माणसाला ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा, कारण कोणाच्याच हजेरीपटावर तो नाही. केरळात १९६९ साली ताडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. तेथे चढणाऱ्याला निधी आणि ग्रॅच्युइटी मिळण्याची सोय झाली. तो कायदा दारूचा पुरस्कार म्हणून झाला नाही. तेथे चढणाऱ्यांच्या संघटना होत्या, आणि धंदा बरा की वाईट ह्या वादात कष्ट करणाऱ्याचा हक्क बुडू द्यायचा नाही, हे त्यांनी मान्य करवून घेतले. आपल्याकडे तो वाद सव्वाशे-दीडशे वर्षे चालला, आणि हक्काची गोष्ट निघालीच नाही.

तर आता त्या चिमुकल्या पिंपाचे काय करायचे? मी त्या मुलाला सांगितले, माडी भरू नकोस, आजोबांचे ऐक; पण नीरा भरता येईल का ह्याचा विचार कर. नीरेलाही परवाना लागतो, तिच्या मागेही आंबण्याचे भय आहेच; परंतु ती पहाटे उतरवून, गाळून, लगेच बर्फात ठेवली तर आंबणे पुष्कळ मंदावते. मुंबईच्या स्टेशनांवर नीरा पिऊन कामावर गेलेली माणसे ह्या सभेत असतील. स्वच्छ धुता येणारे, थंड राहणारे, एका माणसाला उचलता येणारे ५ लिटरचे भांडे हे मोठ्या कारखान्याचे हत्यार नव्हे. चार-पाच चढणारे एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर परवाना मागतील, तर अशी दहा भांडी त्यांची स्वतःची असू शकतील.

आजोबा हे ऐकत होते. त्यांनी पिंप पुन्हा हातात घेतले, तोटी उघडून-मिटून पाहिली आणि विचारले, "आणि चढणार कोण?" नातू काही बोलला नाही.

मित्रहो, माझ्याजवळही त्या प्रश्नाला तयार उत्तर नाही. झाडावर चढणाऱ्याला भांडे स्वतःचे, रस स्वतःचा आणि पडला तर सावरायला निधी, एवढे आपण देऊ शकलो तर कदाचित एखादा नातू चढेल. ते दिले नाही, तर मडके आणि पिंप दोन्ही आपल्याला कोणत्यातरी संग्रहालयाच्या कपाटात शेजारी शेजारी पाहावी लागतील.