'डिटॉक्स'च्या नावाखाली उपाशी राहण्याआधी हे वाचा : शरीर साफ कोण करतं, थकवा कशानं येतो?

अणदूर : 'सात दिवसांत शरीरातील घाण बाहेर काढा' असा एखादा व्हिडिओ मोबाईलवर रोज येतोच. कुणी दुधी भोपळ्याचा रस प्यायला सांगतं, कुणी तीन दिवस नुसतं लिंबूपाणी, तर कुणी पावडरचा डबा विकतं. रानात राबून अंगात त्राण न राहिलेल्या माणसाला हे चटकन पटतं. म्हणून हा डिटॉक्स आहे तरी काय आणि तो कुणी करू नये, याची ही माहिती.

शरीर साफ कोण करतं?

डिटॉक्स म्हणजे शरीरातील विषारी द्रव्यं बाहेर काढणं. हे काम शरीर स्वतःच चोवीस तास करत असतं. दारू, औषधं आणि अन्नातील नको ते घटक यकृत निकामी करतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकीचा शरीर परत घेतं. फुप्फुसं आणि आतडीही आपापला वाटा उचलतात. कोणत्याही रसानं हे काम जास्त चांगलं होतं, असं सिद्ध झालेलं नाही. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१५ मध्ये या आहारांवरचे उपलब्ध अभ्यास तपासले. डिटॉक्स आहारानं विष बाहेर पडतं याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग हलकं का वाटतं?

त्या आठवड्यात चहातली साखर, भजी, फरसाण, दारू आणि तंबाखू बंद होते, पाणी जास्त पोटात जातं. बरं वाटतं ते याच्यामुळं. पहिल्या दोन-चार दिवसांत काट्यावर जे वजन घटतं, ते बहुतांश पाण्याचं असतं. जेवण सुरू झालं की ते परत येतं.

धोका कुठं आहे?

दुधी भोपळा : कडू दुधीचा रस जीवघेणा ठरू शकतो. २०१८ मध्ये पुण्यात असा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला. दुधी, काकडी चिरल्यावर आधी छोटा तुकडा चाखावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, दुधी फेकून द्यावा. रस पिताना कडू लागला तर तिथंच थांबावं. उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर लगेच दवाखाना गाठावा.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन : औषध घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही उपाशीपोटी उन्हात चक्कर येऊ शकते.

मुतखडा व मूत्रपिंडाचा आजार : पालकाचा कच्चा रस रोज ग्लासभर पिणं अशांना महागात पडतं. पालकात ऑक्सलेट भरपूर असतं आणि त्याचेच खडे बनतात.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, लहान लेकरं, म्हातारी माणसं : यांनी या वाटेला जाऊच नये.

फवारणी : 'फवारलेलं विष डिटॉक्सनं निघतं' हा समज सगळ्यात घातक. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारताना मळमळ, धूसर दिसणं, तोंडाला लाळ सुटणं असं काही झालं तर कपडे बदलून अंग साबणानं धुवावं आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखान्यात जावं. घरगुती उतारा करत बसू नये.

उपवास आपल्याकडं नवा नाही

खंडोबाला मानणाऱ्या अनेक घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं, ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुटतं. तुळजाभवानीच्या नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास घरोघरी असतात. धडधाकट माणसाला एक दिवसाचा उपवास सहसा बाधत नाही. पण साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि गोड चहा यावर काढलेला दिवस शरीराला विश्रांती देत नाही.

निसर्गोपचारात उपवासाला मोठं स्थान आहे. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. अणदूरवरून जाणारा सोलापूर-हैदराबाद महामार्ग पुढं पुण्याकडं जातो, त्याच रस्त्यावर हे गाव आहे. पण तिथं माणूस राहायला जातो, त्याची तपासणी होते, उपचार जाणकारांच्या देखरेखीत चालतात. व्हिडिओ बघून घरी केलेला प्रयोग म्हणजे ते नव्हे.

थकवा असेल तर आधी कारण शोधा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. अशा बाईनं आठवडाभर नुसत्या रसावर राहणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. सततच्या थकव्यामागं रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, शुगर किंवा क्षयरोग असू शकतो. हिमोग्लोबिन, शुगर आणि बीपी जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून मिळतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी.

अणदूरचं नाव राज्यभर गेलं ते हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या कामामुळंही. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी गावोगावच्या बायांना शिकवून 'भारतवैद्य' घडवल्या. आजार बळावण्याआधी गावातच ओळखायचा, हीच त्यामागची दिशा. आज आशाताई दारात येतात. थकवा, चक्कर याबद्दल त्यांना मोकळेपणानं सांगावं.

ताटात काय असावं?

• ज्वारीची भाकरी, तुरीचं किंवा मुगाचं वरण, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ.
• मेथी, शेपू, करडई, अंबाडी यापैकी एक पालेभाजी. त्यावर लिंबू पिळावं, म्हणजे लोह अंगी लागतं.
• जवसाची किंवा कारळाची चटणी, ताक, जमेल तसं अंडं.
• भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.
• जेवणासोबत चहा नको. तासाभराचं अंतर ठेवावं.
• रानात जाताना पाण्याची बाटली सोबत असावी. रात्रीचं जेवण लवकर, झोप सात तास.

एवढं महिनाभर करून पाहावं. शुगर, बीपीच्या गोळ्या मात्र कुणाच्याही सांगण्यावरून स्वतःहून बंद करू नयेत. आणि महिनाभरानंतरही थकवा हटला नाही, तर डब्याचे पैसे रक्ताच्या तपासणीवर खर्च करावेत.