क्रमिक पुस्तकाचा वाङ्मयेतिहास : वणी-यवतमाळच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयाचे उपलब्ध इतिहास पाहिले, तर त्यांत नियतकालिकांना, ग्रंथमालांना, बक्षीस कमिट्यांना आणि साहित्यसंमेलनांनाही जागा मिळालेली दिसते. क्रमिक पुस्तकाला मात्र ती मिळालेली नाही. वास्तविक शाळा सुटल्यावर पुन्हा कवितेचे पुस्तक हाती न धरणाऱ्या वाचकांचीच संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांच्या दृष्टीने मराठी साहित्य म्हणजे चौथी ते दहावीच्या पुस्तकांत जे होते तेवढेच. इतक्या माणसांची अभिरुची घडविणारा दुसरा कोणताही संग्रह मराठीत नाही. असे असूनही समीक्षेने तो शिक्षणशास्त्राच्या हवाली केला आणि आपले हात मोकळे करून घेतले.

याचा परिणाम असा झाला, की पाठ्यपुस्तकातील राजकीय पक्षपाताची चर्चा वृत्तपत्रे आणि विधिमंडळ यांच्याकडे गेली. तेथे ती ठरावीक पद्धतीने चालते. कोणते नाव गाळले, कोणते घातले, कोणाला किती पाने दिली, याचा हिशेब मांडला जातो. 2017 साली सातवीच्या इतिहासात मोगल काळ आक्रसला, मराठ्यांचा इतिहास विस्तारला आणि नववीच्या पुस्तकात आणीबाणी व बोफोर्स यांचा उल्लेख आला, तेव्हाही हाच हिशेब झाला. त्याआधी चौथीच्या शिवचरित्रात दादोजी कोंडदेवांचे स्थान कोणते, यावरून पुण्यात जे घडले त्याची परिणती 2010च्या डिसेंबरात लाल महालातील शिल्प हलविण्यात झाली. हे वाद खोटे नाहीत. पण त्यांत एक गृहीत दडलेले असते : पक्षपात हा मजकुरात असतो आणि मजकूर बदलला की तो नाहीसा होतो. प्रस्तुत लेखकाला हे गृहीत मान्य नाही. मजकूर निवडण्याचा, तोडण्याचा आणि त्याखाली प्रश्न घालण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि ज्या मुलासाठी ही निवड होते ते मूल निवडणाऱ्याच्या कल्पनेत कोण आहे, हा खरा प्रश्न आहे. तो वाङ्मयीन प्रश्न आहे, कारण संपादन आणि संकलन या वाङ्मयीन कृती आहेत.

यवतमाळ जिल्हा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 1853च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. 1864 साली त्याच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि 1905 साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. 1903 साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले, 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1960 साली महाराष्ट्रात. एवढ्या काळात शाळेवरची सत्ता हैदराबादचा रेसिडेंट, नागपूर आणि मुंबई अशी फिरत राहिली. गाव तेच, मूल तेच; पुस्तकामागचे सरकार मात्र दर दोन पिढ्यांना निराळे. त्यामुळे सत्ताबदलाने काय बदलते आणि काय बदलत नाही, हे येथे पुण्या-मुंबईपेक्षा स्पष्ट दिसते.

जे बदलले नाही त्यापासून आरंभ करू. मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 1854 साली 'नवनीत' हा काव्यसंग्रह सिद्ध केला. (आजच्या विद्यार्थ्याला 'नवनीत' म्हटले की परीक्षेचे गाइड आठवते; हा योगायोगही काही कमी बोलका नाही.) शाळेसाठी संकलित झालेल्या या संग्रहाने प्राचीन मराठी कविता म्हणजे काय, याची रूपरेषा पिढ्यान्‌पिढ्यांसाठी आखून दिली. निवडीचा कल भक्ती, नीती आणि पंडिती रचनेकडे होता. कँडींच्या मनातील प्रमाण मराठी पुण्याच्या शिष्ट वर्गाची होती आणि मोल्सवर्थच्या कोशापासून क्रमिक पुस्तकापर्यंत तिचीच प्रतिष्ठा वाढत गेली. यात कोणी कारस्थान केले, असे म्हणण्याचे कारण नाही. शासनाला एकसारखी, शुद्ध आणि निरुपद्रवी भाषा हवी होती आणि तशी भाषा एका विशिष्ट वर्गाकडे तयार होती. शासनाची सोय आणि वर्गाचे हित यांचा असा मेळ बसला, की निवड ही निवड वाटेनाशी होते. ग्राम्शी ज्याला धुरीणत्व म्हणतो ते याहून निराळे नाही.

हे त्या काळीच ओळखणारा एक माणूस होता. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतील प्रचलित पुस्तके व्यवहारोपयोगी आणि पुरोगामी नसल्याने ती नव्याने तयार करावीत, अशी मागणी केली, आणि अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे असे सुचविले. फुल्यांनी अमुक धडा गाळा, असे म्हटलेले नाही. रयतेच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत रयतेचे मूल वाचक म्हणून गृहीतच धरलेले नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पाठ्यपुस्तकाच्या राजकारणावर मराठीत याहून मूलगामी विवेचन नंतरही फारसे झालेले नाही.

'नवनीत'ने आखलेल्या नकाशाला मोठा तडा गेला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, महानुभावांच्या सांकेतिक लिपींची उकल झाली तेव्हा. राजवाडे आणि भावे यांची नावे या संदर्भात नेहमी घेतली जातात. त्यामानाने यवतमाळच्या डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांचे नाव मागे पडते. व्यवसायाने वकील असलेल्या या संशोधकाने 'शारदाश्रम' ही संस्था उभी करून वऱ्हाडातील हस्तलिखिते जमविली आणि 1925 साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ सिद्ध केला. तेराव्या शतकाच्या अखेरीचे, बोलीच्या लयीत लिहिलेले एक संपन्न गद्य वऱ्हाडच्या मातीत होते आणि ते शाळेच्या संग्रहाबाहेर राहिले होते, हे त्यामुळे ठळक झाले. येथे महानुभावांवर जाणूनबुजून अन्याय झाला, असे म्हणता येणार नाही. ग्रंथच बंद लिपीत होते. परंतु ते उघड झाल्यावर शाळेने त्यांतून काय घेतले, हे पाहणे उद्‌बोधक ठरते. पाठ्यपुस्तकात आले ते चक्रधरांचे दृष्टान्त : कीर्तीच्या हव्यासाने साधना कशी विटाळते, हे सांगणारा कठियाचा दृष्टान्त त्यांपैकी एक. सुंदर गद्य आहे ते, आणि मुलांना कळते. त्याविषयी तक्रार नाही. पण स्त्रीचा विटाळ ही शरीराच्या इतर स्रावांसारखीच गोष्ट आहे असे महदाइसेला समजावणारे, जातीची शिवाशिव न मानणारे चक्रधर त्या धड्यात नाहीत. म्हणजे ग्रंथकर्ता आत आला, त्याचा विचार दाराशीच थांबला. वगळण्यापेक्षा ही पद्धत अधिक परिणामकारक असते, कारण वगळलेल्याविषयी निदान ओरड करता येते. प्राचीन गद्याचे 'नमुने' म्हणून निवडलेले उतारे पाहताना निवडणाऱ्याची कात्री कोठे थांबली, हे पाहण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावलेली नाही. आपणच ते पाहत नाही.

सरकारी पुस्तकाला पर्याय उभा करण्याचा प्रयत्नही याच जिल्ह्यात झाला. 1907 साली रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या राजकीय हालचालींवर बंधने आली. त्याच सुमारास यवतमाळला तपस्वी बाबासाहेब परांजपे यांचे 'विद्यागृह' ही राष्ट्रीय शाळा चालू होती. 'वंदे मातरम्'च्या घोषणेवरून नागपूरच्या शाळेतून काढले गेलेले केशव हेडगेवार तेथे शिकावयास आले. बंगालच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या परीक्षेसाठी विद्यार्थी तयार करणारी ही शाळा सरकारी रोषामुळे फार काळ टिकली नाही. तळेगावच्या समर्थ विद्यालयाची गतही 1910 साली तीच झाली. राष्ट्रीय शिक्षणाची ही चळवळ धाडसाची होती, यात शंका नाही. मात्र तिने प्रश्न बदलला नव्हता, उत्तर बदलले होते. राजनिष्ठेच्या जागी राष्ट्रनिष्ठा आली. मूल हे निष्ठा ओतण्याचे पात्र आहे, ही कल्पना दोन्हींकडे सारखीच राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या पाठ्यपुस्तक मंडळ्यांना हा वारसा मिळाला, आणि त्या आजही तो सांभाळून आहेत, मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो.

1930च्या जुलैतील जंगल सत्याग्रह हे याचे चांगले उदाहरण आहे. त्या महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगलचा कायदा मोडला आणि काही दिवसांनी हेडगेवारांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात तोच कायदा मोडून शिक्षा पत्करली. एका जिल्ह्यात, एकाच महिन्यात, एकाच कायद्याविरुद्ध. आता या प्रसंगाविषयी पुस्तकात एक वाक्य लिहायचे झाले, तर त्यात कोणाचे नाव घालायचे, यावर समित्यांत वाद होऊ शकतो आणि सत्तेच्या रंगाप्रमाणे तो सुटू शकतो. दोन्ही पक्षांच्या कल्पनेत न येणारी गोष्ट अशी, की ज्यांच्या रोजच्या जगण्यावर 1927च्या वनकायद्याचा बोजा पडत होता ते गोंड आणि कोलाम त्या वाक्याचे कर्ते होऊ शकतात. नेत्यासाठी गवत कापणे हा सत्याग्रह होता. त्यांच्यासाठी तो दिनक्रम होता, आणि गुन्हाही.

मध्यप्रांत-वऱ्हाडातील काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळातली 'विद्यामंदिर' योजना हा या इतिहासातला आणखी एक टप्पा. रविशंकर शुक्लांच्या या योजनेत दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातील शाळा चालवायची होती. शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937मध्ये भरलेल्या परिषदेतील मूलोद्योग शिक्षणाचा विचार तिच्यामागे होता. कल्पना चांगली होती. पण 'मंदिर' या शब्दाला मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला आणि 1938च्या पीरपूर अहवालात त्या तक्रारीला स्थान मिळाले. योजना आखणाऱ्यांना तो शब्द धार्मिक वाटलाच नव्हता; 'ज्ञानमंदिर', 'कलामंदिर' म्हणावे तितक्या सहजपणे त्यांनी तो योजला होता. बहुसंख्याकांची भाषा स्वतःला तटस्थ समजते, ती अशी. लीगने या तक्रारीचे राजकारण केले हे खरे, पण म्हणून तक्रार निराधार ठरत नाही. एका शब्दाचा ध्वन्यर्थ वाचकागणिक कसा पालटतो, हे ज्यांनी काव्यशास्त्रात शिकविले त्यांनी तरी ते ओळखायला हवे होते.

27 जानेवारी 1967 रोजी पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन झाले. 'बालभारती'ने स्वस्त, देखणी आणि महाराष्ट्रभर एकसारखी पुस्तके दिली. खाजगी वाचनमालांच्या बाजारापेक्षा ही मोठी प्रगती होती, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्या वेळी मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. तांड्यावर जन्मलेल्या, गोरमाटी घरात वाढलेल्या या नेत्याच्या कारकिर्दीत मराठीचे एकच पुस्तक प्रत्येक शाळेत पोचले. तांड्यावरची भाषा मात्र पुस्तकापर्यंत पोचली नाही. हा नाईकांचा दोष म्हणून सांगत नाही. एकसारखेपणालाच समता समजणाऱ्या काळाची ती खूण आहे. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणात वऱ्हाडी, कोलामी आणि बंजारी यांना वेगवेगळ्या खंडांत का होईना, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच जागा मिळाली होती. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे भाषाशास्त्राला या भाषा ठाऊक होत्या, वाचनपुस्तकाला नव्हत्या. वऱ्हाडी आली, तीही बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी.

शेतकऱ्याचेही तसेच. आमच्या पुस्तकांतला शेतकरी काळ्या आईची सेवा करतो, पावसाची वाट पाहतो आणि समाधानी असतो. कर्ज, कापसाचा भाव, सावकार हे शब्द त्या कवितेच्या वृत्तात बसत नाहीत. 19 मार्च 1986 रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपविले. फुल्यांच्या निवेदनाला तेव्हा एकशे चार वर्षे झाली होती.

2011च्या जनगणनेनुसार यवतमाळची लोकसंख्या 27,72,348 आहे आणि तीत सुमारे साडेअठरा टक्के अनुसूचित जमातींचे लोक आहेत. पांढरकवडा, झरी, मारेगाव या भागांतील कोलाम पोडांवरचे मूल पहिलीत येते तेव्हा मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. 16 एप्रिल 2025च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ठरविली गेली आणि महाराष्ट्रभर उठलेल्या विरोधामुळे 29 जूनला तो निर्णय मागे घ्यावा लागला. बालवयात परकी भाषा लादू नये, मातृभाषेतूनच शिकवावे, असे युक्तिवाद त्या वेळी मराठीच्या बाजूने सभांतून आणि अग्रलेखांतून केले गेले. ते सर्व युक्तिवाद योग्य होते. कोलामी घरातील मुलाच्या वतीने मराठीच्या पहिल्या पुस्तकाविरुद्धही ते जसेच्या तसे करता आले असते. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांपैकी ते करणारे फार थोडे निघाले.