साखळीची दोन टोके
(प्रस्तावना)

पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावरून भांडारकर प्राच्यविद्या संस्थेकडे जाताना आतल्या गल्ल्यांत वळले, की जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर ती पाटी अजून दिसते : ‘कुत्र्यापासून सावध राहा’. पुणेरी पाट्यांकडे आपण विनोदाच्या नजरेने पाहतो. या विषयात नव्याने येणाऱ्याने मात्र ही पाटी दस्तऐवज म्हणून वाचावी. मालकाला वाटते, पाटी लावली, आता आपण सुटलो. पण तिचा उलटा अर्थही निघतो. ‘माझा कुत्रा अंगावर जाऊ शकतो हे मला ठाऊक आहे’ असा कबुलीजबाबच त्याने फाटकावर टांगलेला असतो. इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत पाळीव जनावराने इजा केली तर मालकाला त्याचा स्वभाव आधीपासून माहीत होता, हे फिर्यादीला सिद्ध करावे लागे. म्हणून तिकडे पहिला चावा माफ असतो, असे गमतीने म्हणत. पाटीवाल्या मालकाच्या बाबतीत हे सिद्ध करण्याचे निम्मे काम त्याने स्वतःच करून ठेवलेले असते. भिंतीवरून उडी मारून आलेल्या चोरापुढे पाटी कदाचित त्याच्या कामी येईल. रोज बेल वाजवणाऱ्या टपालवाल्यापुढे तिचा उपयोग होणे कठीण.

एवढ्याशा पाटीत या विषयाचे तीन धागे गुंतलेले आहेत : जनावराचा स्वभाव, मालकाचे ज्ञान आणि वाटसरूची भीती. धोकादायक कुत्र्यांविषयीचा कायदा म्हणजे या तिघांचा हिशेब. वरवर पाहता तो कुत्र्याचा कायदा वाटतो. पण कुत्रा न्यायालयात उभा राहत नाही, दंड भरत नाही, समन्स घेत नाही. कायदा बोलतो तो साखळी धरणाऱ्या हाताशी. हे एकदा पक्के ध्यानात ठेवले, की पुढची पुष्कळशी गुंतागुंत आपोआप सुटत जाते.

हा विचार आपल्याकडे विलायतेहून आला, असे समजण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दातांच्या आणि शिंगांच्या जनावरांविषयी एक नियम आहे. अशा जनावराने कोणाला धरले आणि सोडवण्याची शक्ती असूनही मालकाने सोडवले नाही, तर त्याला दंड; धरलेल्याने आक्रोश करूनही तो हलला नाही, तर दुप्पट दंड. नियमाची मांडणी बघण्यासारखी आहे. दंड जनावर पाळल्याचा नाही, जनावर दुष्ट असल्याचाही नाही. तो हातात असलेले न केल्याचा आहे. आणि हाक ऐकू आल्यावर दोष दुणावतो, म्हणजे कळण्याबरोबर जबाबदारी वाढते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात भांडारकर संस्थेने पाच खंडांत प्रसिद्ध केला. या वाटेने मागे जाऊ पाहणाऱ्याला आरंभ तिथूनच करता येईल.

आधुनिक कायद्यातला पाया 1860 च्या भारतीय दंडसंहितेचा. तिचे कलम 289 आता भारतीय न्याय संहितेचे कलम 291 झाले आहे आणि 1 जुलै 2024 पासून लागू आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी जाणूनबुजून वा निष्काळजीपणे न घेणे हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दंडाची कमाल मर्यादा जुन्या कायद्यात 1000 रुपये होती, नव्यात ती 5000 झाली. विद्यार्थ्यांनी हे कलम दोनदा वाचावे, कारण त्यात ‘चावा’ हा शब्दच नाही. गुन्हा खबरदारी न घेण्यापाशी पूर्ण होतो. व्यवहारात मात्र पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘चावला का?’ हाच. ‘नाही, अंगावर आला’ म्हटले, की पेन खाली ठेवले जाते. कायदा 160 वर्षांपूर्वी जिथे पोचला, तिथे आपली सवय अजून पोचायची आहे.

1951 चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, याहून एक पाऊल पुढे जातो. हिंस्र कुत्रा मुसक्याविना रस्त्यावर मोकळा सोडणे आणि कोणाच्या अंगावर कुत्रा घालून त्याला भीती दाखवणे, या दोन्ही गोष्टी तो निषिद्ध ठरवतो. इथे इजा होण्याचीही अट नाही, भीती पुरे. ब्रिटनच्या 1991 च्या कायद्यातही कुत्रा ‘आवरेनासा’ झाला हे ठरवण्याची कसोटी भीतीचीच आहे : तो इजा करील असे वाटायला रास्त कारण होते का? प्रत्यक्ष इजा झाली की नाही, हा पुढचा प्रश्न. न्यूझीलंडने 1996 च्या श्वान नियंत्रण कायद्यात पुढे एक वेगळी पायरीच घातली. ‘धोकादायक’ कुत्र्याच्या अलीकडे त्यांनी ‘दरारा घालणारा’ कुत्रा हा वर्ग केला. अशा कुत्र्याला सार्वजनिक जागी मुसके बांधावेच लागते आणि स्थानिक संस्था त्याचे निर्बीजीकरणही सक्तीचे करू शकते.

मराठीत या वर्गाला नाव आहे का? पाळीव, भटका, मोकाट, चावरा, पिसाळलेला : आपले शब्द बरेच आहेत आणि नेमकेही आहेत. चावरा म्हणजे चावून झालेला, पिसाळलेला म्हणजे रोगी. पण जो अजून चावलेला नाही, आजारीही नाही, तरी जिन्यात दिसला की लहान मूल भिंतीला चिकटून उभे राहते, त्याला आपण ‘अंगावर येणारा’ म्हणतो. हे विशेषण नाही, तक्रार आहे. या पुस्तकात तोच शब्द पारिभाषिक म्हणून वापरला आहे. बोलीतला असल्यामुळे तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता साखळीचे दुसरे टोक. 1960 चा प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतल्या प्रयत्नांतून उभा राहिला. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे हिंडवले-फिरवले नाही, तर त्याच्या कलम 11 नुसार ती क्रूरता ठरते. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये. आकडा 1960 चा. दया दाखवणारा हा कायदा आणि धाक घालणारा वरचा कायदा आपण दोन वेगळ्या कपाटांत ठेवतो. पण सज्जात चोवीस तास बांधलेला, माणसांत न मिसळलेला, काठीने ‘तयार’ केलेला कुत्राच पुढे लिफ्टमध्ये अंगावर येण्याचा संभव अधिक. आज ज्याच्यावर क्रूरता झाली, तोच उद्याच्या फिर्यादीतला कुत्रा असू शकतो. म्हणून हे दोन्ही कायदे एकत्रच शिकावेत, असा आमचा आग्रह आहे.

यापुढे वादाचे प्रदेश सुरू होतात. पहिला वाद जातीचा. 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलरसह 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधितांशी पुरेशी चर्चा न झाल्याच्या कारणावरून ते रद्द ठरवले. ब्रिटनने 1991 मध्ये चार प्रकारांवर बंदी घातली. नंतर यादीत एक्सएल बुली घालावा लागला. नेदरलँड्सने 1993 मध्ये आणलेली जातिबंदी पुढे मागे घेतली. यादी करणे सोपे असते. ती तपासणाऱ्याला संकरित पिल्लाची जात ठरवणे कठीण जाते. दुसरीकडे, प्रचंड ताकदीच्या जबड्याला पहिल्या चुकीपर्यंत मोकळीक द्यावी का, हाही रास्त सवाल आहे. या पुस्तकाचा कल वागणुकीच्या बाजूने आहे. विरोधी मत एका स्वतंत्र प्रकरणात त्याच्या पूर्ण जोराने मांडले आहे.

दुसरा वाद बिनमालकीच्या कुत्र्यांचा. साखळीच नाही, तर हात कोणाचा? या प्रश्नाने आपल्याकडे दंगलही घडवली आहे. जून 1832 मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेत पाळलेली कुत्रीही ओढली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्या अंत्यविधीत कुत्र्याच्या नजरेला मान आहे, हे सरकारच्या ध्यानीमनी नव्हते. पाळलेला कोणता आणि मोकाट कोणता हे ओळखता न येणे, ही तेव्हाची अडचण आजही आहे. पालिकेचा परवाना, गळ्यातला बिल्ला आणि नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाची खाच, ही तिन्ही त्याच अडचणीवरची उत्तरे. पुण्यात परवान्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो. पाळणाऱ्याला ते शुल्क वाटते; खरे तर ती ‘हा माझा आहे’ अशी सही असते.

2001 च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी, लसीकरण आणि मूळ जागी परत सोडणे हा मार्ग ठरवला. भटका कुत्रा नियमांच्या भाषेत ‘सामुदायिक प्राणी’ झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2008 मध्ये हाताळलेला वाद सर्वोच्च न्यायालयात 9 मे 2024 पर्यंत चालला. पुढच्याच वर्षी तो दिल्लीच्या निमित्ताने पुन्हा पेटला. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून विषयाची व्याप्ती देशभर नेली : नसबंदी-लसीकरणानंतर सोडावे, पण पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना नाही. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचे आदेश झाले. पिसाळलेला कोण, हे पशुवैद्य सांगेल. आक्रमक कोण, हे कोण सांगणार आणि कशावरून? रस्त्यावरच्या कुत्र्यापाशीही आपण पुन्हा ‘अंगावर येणाऱ्या’च्या व्याख्येवरच येऊन ठेपतो.

तिसरा प्रदेश सोसायटीचा. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, अशी प्राणी कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आणि कोणाच्या भीतीला ‘लाड’ म्हणून उडवून लावता येत नाही, असा शेजारधर्म आहे. या दोहोंमधली वाट बहुधा न्यायालयात न जाता लिफ्टच्या वेळा, पट्ट्याची लांबी आणि फिरवताना हाती ठेवलेली पिशवी यांतून निघते. न्यायालयाची वाट लांबची असते. मुंबईत 2010 मध्ये एका रॉटवायलरने एका वृद्धाला चावे घेतले. मालकाला 3 महिन्यांची शिक्षा झाली ती 2023 मध्ये.

म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण कायद्याचे नाही, तक्रार लिहिण्याचे आहे. ‘अमुक यांचा कुत्रा फार भयंकर आहे’ या वाक्याने कोणाचेच भले होत नाही. ना भ्यालेल्याचे, ना कुत्र्याचे. तारीख, वेळ, जागा; कुत्रा सुटा होता की बांधलेला; पट्टा किती हात लांब; तो गुरगुरला, झेपावला की नुसता भुंकला; साखळी कोणाच्या हाती होती आणि त्या माणसाने त्या क्षणी काय केले : इतके चार ओळींत लिहिता आले, की पोलिसाला कलम सापडते, पशुवैद्याला स्वभाव कळतो आणि मालकाला सुधारायला जागा राहते. वाचकाने पुढच्या पानांकडे वळण्याआधी अशा चार ओळी लिहून पाहाव्यात. स्वतः कुत्रा पाळत असाल, तर स्वतःच्याच कुत्र्याविषयी, शेजाऱ्याच्या हातून लिहिल्यासारख्या.