बास माशांची हौशी मासेमारी
बास (काळा बास) : उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातला शिकारी मासा. जेम्स हेन्शल यांच्या १८८१ मधील ग्रंथाने त्याच्या गळ-मासेमारीस प्रतिष्ठा लाभली. १९४९ मध्ये निक क्रीम यांनी आमिषासाठी मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. त्यात गळाचे टोक लपवून पाणवनस्पतींतूनही आमिष ओढता येऊ लागले. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कॅन्सॉतील बीव्हर सरोवरावर स्पर्धा भरविली. अशा स्पर्धांत पुष्कळ मासे मरत. म्हणून १९७२ पासून ते नौकेवरील टाकीत जिवंत ठेवून, वजनानंतर पाण्यात सोडण्याचा प्रघात त्यांनी पाडला. जपानमध्ये हा मासा १९२५ मध्ये आशी सरोवरात आणला गेला. पुढे बिवा सरोवरातील स्थानिक माशांस त्याचा उपद्रव झाल्याने तेथे २००३ पासून पकडलेला बास परत सोडण्यास बंदी आहे. मूळ प्रदेशात संवर्धक ठरलेली कृती परक्या जलाशयात अशी हानिकारक ठरते.